टाटा, रतन नवल

(२८ डिसेंबर १९३७ – ९ ऑक्टोबर २०२४). भारतीय उद्योगपती व १९९१ ते २०१२ या काळात टाटा समूहाचे अध्यक्ष. जन्म मुंबईत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण. प्रस्तुत नोंद त्यांच्या एकाच कामगिरीपुरती आहे : डबघाईला आलेल्या जॅग्वार लँड रोव्हर या आलिशान मोटारींच्या ब्रिटिश उद्योगाला त्यांनी दिलेली उभारी.

जॅग्वार १९८९ मध्ये आणि लँड रोव्हर २००० मध्ये अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने घेतली होती. लँड रोव्हरचे बरे चालले होते. दुखणे होते ते जॅग्वारचे. नाव मोठे, पण वर्षानुवर्षे तोटा. त्यातच २००६ साली खुद्द फोर्डला १,२०० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि दोन्ही कंपन्या विक्रीला निघाल्या. गिऱ्हाइकांत महिंद्रा अँड महिंद्राही होती. ब्रिटिश कामगार संघटनांनी मात्र टाटांना कौल दिला. ३ जानेवारी २००८ रोजी फोर्डने टाटा मोटर्सशी पुढची बोलणी करण्याचे जाहीर केले आणि १० जानेवारीला टाटांनी दिल्लीत लाख रुपयांची छोटी मोटार नॅनो जगापुढे आणली. एका आठवड्यात बाजाराची दोन टोके गाठण्याचा हा प्रकार अनेकांना तेव्हा वेडेपणाच वाटला. २६ मार्चला करार झाला, २ जूनला ताबा मिळाला. किंमत २३० कोटी डॉलर. फोर्डने या खरेदींसाठी मोजलेल्या रकमेच्या ती निम्मीही नव्हती. शिवाय कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीत फोर्डनेच सुमारे ६० कोटी डॉलर घातले.

१९९९ मध्ये टाटा आपला तोट्यातला मोटार विभाग विकायला फोर्डकडे गेले असता त्यांचा पाणउतारा झाला व पुढे या खरेदीने त्याची सव्याज परतफेड झाली, ही कथा समूहातील अधिकारी प्रवीण काडले यांनी २०१५ साली जाहीर सभेत सांगितली आणि ती घरोघरी पोचली. कथा रंगतदार खरी, पण तिच्यामुळे खरेदीनंतरची दोन वर्षे झाकली जातात. कस लागला तो त्याच काळात.

ताबा मिळून चार महिनेही होत नाहीत तोच अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि महागड्या गाड्यांची मागणी कोसळली. खरेदीसाठी काढलेले ३०० कोटी डॉलरचे हंगामी कर्ज डोक्यावर होते. ते फेडण्यासाठी टाटा मोटर्सने भागधारकांना देऊ केलेल्या हक्कभागांना थंडा प्रतिसाद मिळाला आणि भार समूहावर आला. टाटा स्टीलचे शेअर विकावे लागले. डिसेंबर २००८ मध्ये टाटा मोटर्सने जनतेकडून ११ टक्क्यांपर्यंत व्याजाच्या मुदत ठेवी मागितल्या. ब्रिटिश राजघराण्याच्या पसंतीची गाडी बनवणाऱ्या उद्योगाचा मालक अशा रीतीने निवृत्तांच्या शिलकीपर्यंत आला होता. २००८-०९ अखेर टाटा मोटर्सचा एकत्रित तोटा सुमारे २,५०० कोटी रुपये झाला. ब्रिटिश सरकारच्या कर्जहमीची बोलणी लांबली. अटी जाचक वाटल्याने २००९ च्या ऑगस्टमध्ये टाटांनी तो नाद सोडला आणि बँकांकडून पैसा उभा केला.

या काळात नोकरकपात झाली, सल्लागार नेमून रोकडीचा रोजचा हिशेब लावला गेला. पण नव्या गाड्यांवरील खर्चाला हात लावला नाही. टाटांचा निर्णायक वाटा इथे आहे. जॅग्वार एक्सएफ ही फोर्डच्या काळातच सिद्ध झालेली गाडी होती आणि लँड रोव्हरच्या इव्होक या गाडीचा पूर्वावतारही खरेदीआधीच प्रदर्शनात झळकला होता. म्हणजे कल्पक माणसे कंपनीत होतीच. त्यांना पैसा व मोकळीक देणारा धनी हवा होता. मुंबईहून माणसे पाठवून कारभार हातात घेण्याचा मोह टाटांनी टाळला. २०१० च्या आरंभी बीएमडब्ल्यूत वीस वर्षे काढलेले राल्फ स्पेथ यांच्याकडे मुख्याधिकारीपद आले. बर्मिंगहॅम परिसरातील दोनपैकी एक कारखाना बंद करण्याचा बेत त्याच वर्षी मागे घेतला गेला. चीनमध्ये मागणी वाढली, पौंड स्वस्त होता. नशिबाचीही साथ मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१०-११ मध्ये कंपनीचा करपूर्व नफा १११ कोटी पौंडांवर गेला. २०११ मध्ये लिव्हरपूलजवळच्या हेलवुड कारखान्यात इव्होक बनू लागली आणि पुढच्याच वर्षी तेथे चोवीस तास काम चालवण्याचा निर्णय झाला.

पुण्याच्या कामगारांना आठवणारे टाटा वेगळे. १९८९ मध्ये टेल्कोच्या (पुढची टाटा मोटर्स) संपात राजन नायर यांच्या संघटनेशी त्यांची थेट टक्कर झाली होती व शनिवारवाड्यावरील उपोषण पोलिसांनी उधळले होते. ब्रिटनमध्ये संघटनांना बरोबर घेणारा आणि पुण्यात संघटनेपुढे न नमणारा उद्योगपती एकच होता, हे त्यांच्या चरित्रलेखनात सहसा एकत्र येत नाही.

ही उभारी कायमची ठरली नाही. टाटा निवृत्त झाल्यावर, २०१८-१९ मध्ये, डिझेलविरोधी धोरणे आणि चीनमधील घसरण यांमुळे कंपनीला ३६० कोटी पौंडांचा करपूर्व तोटा झाला. २०२३-२४ मध्ये ती पुन्हा २०० कोटी पौंडांहून अधिक नफ्यात आली. पुण्यात २०११ मध्ये सुटे भाग आणून लँड रोव्हरच्या फ्रीलँडर गाडीची जुळणी सुरू झाली होती. मे २०२४ मध्ये, टाटांच्या निधनाच्या काही महिने आधी, रेंज रोव्हरचीही जुळणी ब्रिटनबाहेर प्रथमच पुण्यात करण्याचे जाहीर झाले आणि भारतातील तिची किंमत बरीच खाली आली.