बाळाच्या मेंदूत कॅन्सरची गाठ, तरीही डॉक्टर रेडिएशन का टाळतात?

मेड्युलोब्लास्टोमा हा प्रामुख्याने लहान मुलांना होणारा मेंदूचा कॅन्सर आहे. तो दुर्मीळ आहे. हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या अमेरिकन डॉक्टरांनी १९२५ मध्ये त्याला हे नाव दिलं. मोठ्या मुलांमध्ये आधी ऑपरेशन, मग मेंदू आणि मणक्याला रेडिएशन, सोबत केमोथेरपी असे उपचार केले जातात. पण रुग्ण तीन वर्षांपेक्षा लहान असेल, तर यातलं रेडिएशन शक्यतो टाळलं जातं.

गाठ नेमकी कशामुळे होते?

ही गाठ डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत होते. शरीराचा तोल सांभाळणारा हा भाग जन्मावेळी पूर्ण तयार झालेला नसतो. बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत त्याच्या पृष्ठभागावर नव्या पेशी तयार होत असतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यातल्या जवळपास ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत असतात. यावरून या कामाचा आवाका लक्षात येईल.

'वाढत राहा' हा संदेश या पेशींना 'सोनिक हेजहॉग' नावाचं प्रथिन देतं. (हो, व्हिडिओ गेममधलाच सोनिक!) जनुकातल्या बिघाडामुळे हा संदेश थांबलाच नाही, तर पेशी वाढत राहतात आणि गाठ तयार होते. मेड्युलोब्लास्टोमाचे चार मुख्य गट आहेत, त्यापैकी बाळांमध्ये हा गट बराच आढळतो. काही बाळांमध्ये हा बिघाड आनुवंशिक असतो, त्यामुळे कुटुंबाचीही जनुकीय तपासणी सुचवली जाते.

मग अडचण कुठे आहे?

रेडिएशन विभाजन होणाऱ्या पेशींना मारतं. बाळाच्या मेंदूत फक्त कॅन्सरच्याच पेशी वाढत असतात असं नाही. रेडिएशननंतर वाचलेल्या अनेक मुलांना पुढे शिकायला, लक्षात ठेवायला अडचणी आल्या, उंचीही खुंटली. मूल वाचवायचं, पण कोणत्या किमतीवर, हा प्रश्न आई-वडिलांसमोर उभा राहतो.

२००५ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी ४३ लहान मुलांवरच्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या मुलांना ऑपरेशननंतर फक्त केमोथेरपी दिली होती, काही औषध थेट मेंदूतल्या द्रवात सोडून. ज्यांची गाठ पूर्ण काढता आली आणि आजार पसरला नव्हता, त्यांच्यापैकी बहुतेक मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत होती. त्यांचा बुद्ध्यांक निरोगी मुलांपेक्षा कमी होता, पण पूर्वी रेडिएशन घेतलेल्या मुलांपेक्षा चांगला होता.

'सोनिक हेजहॉग'चा संदेश रोखणारं व्हिस्मोडेगिब हे औषधही आलं. पण हाडांच्या वाढीसाठी तोच संदेश लागतो. औषध घेतलेल्या काही मुलांच्या हाडांची वाढ वेळेआधीच थांबली. त्यामुळे वाढत्या वयात ते टाळतात.

गट ओळखणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. नवी मुंबईत खारघरला असलेल्या टाटा मेमोरियलच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या संशोधन केंद्राने मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावरून गट ओळखणारी चाचणी विकसित केली आहे.

लक्षणं कोणती?

बाळ डोकं दुखतंय असं सांगू शकत नाही. वारंवार उलट्या, डोक्याचा घेर झपाट्याने वाढणं, टाळू फुगणं, बसायला शिकलेलं बाळ पुन्हा कलंडू लागणं, यातलं काही दिसलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.