धाप लागलेल्याने चालावं का?

मंडळी, फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेला रोगी घरी असला, की आपण त्याला पाण्याचा पेलाही उठून घेऊ देत नाही. मायेपोटीच. पण ही समजूत आली कुठून?

ती क्षयाच्या काळातली. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती एवढंच हाती होतं. पुढे औषधं आली, तरी ‘धाप लागते त्याने हलू नये’ हे शहाणपण घरोघरी टिकलं.

१९५२ साली परळच्या केईएममध्ये, पोलिओच्या साथीनंतर, देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी, योगायोगाने, अमेरिकेत डॉ. बॅराक यांनी नोंदवलं, की ऑक्सिजन लावून चालवलेले एम्फिसीमाचे रोगी हळूहळू कमी धापेने चालू लागतात. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

प्रत्यारोपणाचं वळण मागून आलं. १९६३ साली जेम्स हार्डींनी मिसिसिपीत फुप्फुस बसवलं. रोगी १८ दिवस जगला. १९८३ साली टोरांटोत जोएल कूपर यांचा रोगी सहा वर्षांहून अधिक जगला. तेव्हापासून यादीवरचे महिने कसे काढायचे, हा खरा प्रश्न झाला.

आता नीट लक्षात घ्या, व्यायामाने निकामी फुप्फुस सुधारत नाही. सुधारतात ते पाय. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसल्याने मांड्या झिजतात, झिजलेले स्नायू लवकर थकतात आणि धाप वाढते. हे चक्र तोडायचं. नाहीतर नवं फुप्फुस मिळतं, पण उभं राहायला पाय नसतात. वर नंतरच्या स्टेरॉइड्सनी स्नायू आणखी खंगतात.

म्हणून बोटाला ऑक्सिमीटर, नाकाला ऑक्सिजन, जवळ फिजिओथेरपिस्ट, आणि थोडं चालून थोडं थांबायचं. (वडाळे तलावाच्या फेऱ्या आपल्या मनाने सुरू करू नका हं!) मोजमाप असतं सहा मिनिटांच्या चालीचं. हवाई दलातल्या धडधाकट जवानांसाठी कूपर नावाच्याच दुसऱ्या एका डॉक्टरांनी १९६८ साली १२ मिनिटांची धाव मांडली होती. १९७६ साली ब्रिटिश डॉक्टरांनी तिची चाल केली, १९८२ साली ती सहा मिनिटांवर आणली. ३० मीटरचा सपाट पॅसेज, दोन टोकांना दोन खुणा. दमला तर रोगी भिंतीला टेकतो. घड्याळ मात्र थांबवत नाहीत.