कवट्या, निष्कर्ष आणि मार्गदर्शक

विद्यापीठाच्या आवारात आपण ‘गाइड’ म्हणतो, अर्जावर ‘मार्गदर्शक’ लिहितो आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ‘गुरुवर्य’. एकाच व्यक्तीची ही तीन नावे: एक सोयीचे, एक नियमाचे, एक श्रद्धेचे. विद्यार्थ्याच्या हाती आलेला पुरावा मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जातो, तेव्हा या तिन्ही नात्यांची कसोटी लागते. इरावती कर्वे यांच्यावर हा प्रसंग संशोधनाच्या आरंभीच आला.

१९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन, दक्षिणा फेलोशिपच्या आधारे, त्या मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. घुर्ये यांनाही मार्गदर्शक बदलण्याचा अनुभव होता. लंडनला हॉबहाउस यांच्याकडून ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले; १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात निवर्तले आणि प्रबंध हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरा झाला. अशा शिक्षकाच्या हाताखाली इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये एम.ए. पदवी मिळवली. म्हणजे ज्या समाजात आपण वाढलो, त्याकडेच अभ्यासविषय म्हणून पाहण्याची सवय त्यांना मुंबईतच लागली.

पुढचा टप्पा बर्लिनचा. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा विरोध होता. पती दिनकर मात्र पाठीशी उभे राहिले. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर त्या १९२८च्या नोव्हेंबरात जर्मनीत पोचल्या. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी १९२७ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. वंशभेदाचे विज्ञान उभारणाऱ्यांत फिशर अग्रणी होते. १९३३ मध्ये, नाझी राजवटीत, ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

फिशर यांनी विषय दिला तो मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा. त्यामागचे गृहीतक असे: गोऱ्या युरोपीयांच्या कवट्यांत ही असमानता अधिक असावी आणि तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीशी असावा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही जर्मनीच्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. मापांतून असमानता दिसली, पण ती सर्वत्र दिसली. वंशाशी तिचा संबंध लागेना. प्रबंधात त्यांनी तेच लिहिले.

या लिहिण्याचे मोल आज सहज ध्यानात येत नाही. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज. आणि पदवी ज्यांच्या हाती, त्यांच्याच गृहीतकाला आपली मापे दुजोरा देत नाहीत. अशा वेळी आकडे थोडे वाकवण्याचा किंवा निष्कर्ष संदिग्ध ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा. इरावतीबाईंनी मार्गदर्शक बदलला नाही, वादही मांडला नाही. मार्गदर्शकाचीच पद्धत काटेकोरपणे वापरून त्याच्या निष्कर्षाला नकार दिला.

तरीही या कथेला केवळ बंडाचे रूप देणे अन्यायाचे ठरेल. फिशर यांचे गृहीतक त्यांनी सोडले, मोजण्याची साधने सोडली नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पुढे अनेक वर्षे त्या महाराष्ट्रातील जातीजमातींची शरीरमापे घेत राहिल्या. शरीर मोजून समाजाचा इतिहास कळेल, हा विश्वास बर्लिनचाच होता. दुसरीकडे, १९५३च्या त्यांच्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात संस्कृत ग्रंथांचा आणि क्षेत्रीय निरीक्षणांचा जो मेळ आहे, त्यात घुर्ये यांच्या शिकवणीची खूण दिसते. ‘युगान्त’मध्ये महाभारतातील पूज्य व्यक्तींनाही त्यांनी त्याच निर्भय नजरेने तपासले.

मार्गदर्शक निवडताना आपण त्याचे नाव पाहतो, विषय पाहतो, क्वचित स्वभावही पाहतो. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो: माझा पुरावा उलटा निघाला, तर तो लिहिण्याचे बळ माझ्यात असेल काय? त्याचे उत्तर कोणताही मार्गदर्शक देऊ शकत नाही. ते विद्यार्थ्यालाच, प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात, द्यावे लागते.