नाव ठेवणे, नावे ठेवणे आणि नाव बदलणे

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा. अंतर अवघ्या एका मात्रेचे. ते किती नाजूक आहे, याचा प्रत्यय महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपणां सर्वांना पदोपदी येत असतो. गावाकडे ज्या आडनावाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, तेच हिंदी मुलखातील शाळेत हजेरीच्या वेळी पुकारले गेले की वर्गात खसखस पिकते. लेल्यांच्या मुलापुढे सवंगडी 'ले ले' म्हणत खडूचा तुकडा धरतात. काण्यांच्या मुलाचे दोन्ही डोळे शाबूत आहेत ना, हे निरखून पाहतात. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड त्या बालकांनी पाहिलेले नसतात, त्याला इलाज नाही.

आणि खुद्द मराठी माणसालाही हसू आवरू नये अशी आडनावे काय थोडी आहेत? गाढवे, ढेकणे, उकिडवे, आगलावे, डोईफोडे! फडणीस, चिटणीस, पोतनीस ही दरबारची देणगी. डोईफोडे ही बहुधा शेजाऱ्यांची असावी.

कायद्याने असे नाव टाकून देणे फारसे अवघड नाही. प्रतिज्ञापत्र करावे, वृत्तपत्रात जाहिरात द्यावी आणि राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या दुसऱ्या भागात आणि भारत सरकारच्या राजपत्राच्या चौथ्या भागात अशी नामांतरे छापली जातात. मौज एवढीच की, नव्या नावाशेजारी जुने नावही छापावे लागते. जे चारचौघांत उच्चारण्याची लाज वाटते, तेच पदरचे पैसे भरून जगजाहीर करावयाचे! आमच्या परिचयातील एका कुटुंबाने हा सोपस्कार पार पाडला, तेव्हा घरातील वृद्ध आजोबांनी एकच शंका काढली: "अरे, पितृपक्षात पितरांनी कोणती पाटी पाहून घरात यायचे?" त्या घरात पाटीवर पुढे कित्येक महिने दोन्ही आडनावे होती.

वास्तविक राजपत्र जन्मास येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस नाव बदलीत आला आहे, आणि देशांतर हे त्याचे एक मोठे कारण. कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या नावातील 'टी' हे अक्षर म्हणजे तंजावूर. दक्षिणेच्या रिवाजाने घराण्याची ओळख एका आद्याक्षरात मिटली आणि मागे राहिला तो 'राव'. पुढे तेच माधवराव बडोद्यास आले, तेव्हा मराठी मंडळींना हे 'टी' प्रकरण उलगडून सांगावे लागले असेल काय, असा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो.

आंबडवे या गावावरून आलेले 'आंबेडकर' हे आडनाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' असे चढले. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. शाळेच्या पटावरील त्या एका ओळीला पुढे केवढे मोल आले! गोव्यातील मंगेशीचे दीनानाथ हे गावावरून 'मंगेशकर' झाले, आणि १९२९ साली इंदुरात, म्हणजे आपल्यासारख्यांच्याच प्रवासी मुलखात, जन्मलेली त्यांची कन्या हेमा हिची 'भावबंधन' नाटकातील लतिकेवरून लता झाली.

सर्वांत मोठे नामांतर मात्र कोणत्याच दप्तराला न विचारता होत आले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दोन-तीन अक्षरे लिहिली की काम झाले. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच. लोकमान्यांच्या सत्यभामाबाई माहेरच्या तापी. तीन नद्या सासरी येऊन लुप्त झाल्या. ही नावे वाईट होती, असे कोणीही म्हणणार नाही. पण ती बदलण्यापूर्वी त्या मुलींना कोणी विचारले होते काय?

आता ज्यांना खरोखरच वाईट म्हणता येईल अशा नावांकडे वळू. धोंडू, दगडू, भिकू, केरबा, उकिरडा. या नावांना आम्ही शहरवासी हसत आलो. परंतु ज्या घरात लागोपाठ मुले दगावत, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दाम असे नाव देत. हा धोंडा आहे, हा केर आहे, याला नेऊन काय करणार, असे मृत्यूला बजावण्याची ती तऱ्हा. वरून टाकाऊ दिसणाऱ्या त्या दोन अक्षरांत आईचे काळीज दडलेले असे. अशा एखाद्या धोंडूने पुढे मोठेपणी नाव बदलले, तर आम्ही त्यास दोष देणार नाही. मात्र त्या नावाची कुळकथा त्याला कोणी सांगितली होती की नाही, एवढे आम्ही जरूर विचारू.

'नकुशी' या नावाची गोष्ट नेमकी उलट आहे. तिसरी किंवा चौथीही मुलगीच झाली, तर तिचे नाव नकुशी ठेवायचे, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी समजूत. येथे हुलकावणी मृत्यूला दिलेली नाही. नावाचा जो अर्थ आहे, तोच घरच्यांच्या मनात आहे. या मुली शाळेत जात, पटावर त्यांचे नाव लिहिले जाई, आणि 'आम्हांला तू नको होतीस' हे वाक्य गुरुजी दररोज सकाळी सर्वांदेखत वाचीत. राजपत्र, जाहिरात, प्रतिज्ञापत्र यांची वाट त्या वयाच्या मुलीला कोण दाखविणार? अखेर सातारा जिल्ह्यात शासकीय यंत्रणेनेच पुढाकार घेतला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी समारंभ झाला आणि २८५ मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यातील शाळेच्या पटावर 'आंबेडकर' हे नाव चढले होते, त्याच जिल्ह्यातील ही हकीगत.

पहिल्या बारशाला या मुलींना कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या बारशाला काहींनी आपले नाव स्वतः निवडले. कोणी चित्रतारकेवरून ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री.