मास्तर घडवण्याचा करार

1884 साली अठरा वर्षांचा एक तरुण आठवड्याला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, सरकारी विद्यावेतनावर लंडनमध्ये शिकायला आला. साउथ केन्सिंग्टनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये टी. एच. हक्स्ली त्याला जीवशास्त्र शिकवत होते. खोलीचं भाडं आणि जेवणखाण भागवलं की त्या गिनीतलं हाताशी फारसं काही उरत नसे. सरकारचा हिशेब सरळ होता: आज याला पोसायचं, उद्या शास्त्राचा मास्तर म्हणून वापरायचं. पोरगा पुढे वेल्समधल्या एका शाळेत काही काळ मास्तर झालाही. पण जगाने त्याला ओळखलं ते एच. जी. वेल्स हा कादंबरीकार म्हणून.

मास्तर होऊ पाहणाऱ्याला शिकतानाच पैसे द्यायचे, ही कल्पना तेव्हा इंग्लंडमध्ये चांगली रुळली होती. तिचं कूळ शोधत गेलं तर वाट थेट मद्रासला पोहोचते.

1789 पासून मद्रासच्या एग्मोर भागात अँड्र्यू बेल हे पाद्री सैनिकांच्या अनाथ मुलांचा आश्रम सांभाळत होते. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. ही रीत आपल्याकडे आणायला त्यांचे शिक्षक तयार होईनात, तेव्हा बेल यांनी थोरल्या मुलांनाच धाकट्यांना शिकवायला बसवलं. 1797 मध्ये त्यांनी लंडनला या प्रयोगाचा अहवाल छापला. पाठोपाठ जोसेफ लँकेस्टर यांनी बरो रोडच्या शाळेत तशीच पद्धत चालवली. एक मास्तर, हाताखाली मॉनिटर पोरं आणि समोर शेकडो मुलं. खर्च नावापुरता. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतही थोरला धाकट्याला घोकवून घेत असेच.

या स्वस्ताईत एक खोट होती. मॉनिटरला दमडी मिळत नसे. जरा शहाणा होऊन शिकवण्याजोगा झाला की आईबाप त्याला गिरणीत नाहीतर शेतावर कामाला लावत. शाळेच्या हाती पुन्हा दहा वर्षांची अर्धकच्ची पोरं.

ही खोट हेरली जेम्स के-शटलवर्थ यांनी. पेशाने डॉक्टर, मँचेस्टरच्या गिरणी कामगारांची दैना त्यांनी 1832 च्या पटकीच्या साथीत पाहिलेली. पुढे गरिबांसाठीच्या सरकारी कायद्याचे अधिकारी म्हणून नॉरफोक परगण्यात फिरताना एका दरिद्री-गृहाच्या शाळेत त्यांना वेगळंच दृश्य दिसलं. मास्तर आजारी पडलेला आणि तेरा वर्षांचा एक मुलगा वर्ग व्यवस्थित चालवत होता. हॉलंडमध्येही शिकता शिकता शिकवणारी मुलं त्यांच्या पाहण्यात आली. 1839 मध्ये ते शिक्षण समितीचे सचिव झाले आणि 1846 मध्ये या निरीक्षणांचं सरकारी नियमांत रूपांतर झालं.

हे नियम जवळून पाहण्यासारखे आहेत. उमेदवार किमान तेरा वर्षांचा हवा आणि अंगात व्यंग नको. वाचन अस्खलित हवं, अक्षर नेटकं हवं, चारही क्रिया, वजनमापांची कोष्टकं आणि थोडा भूगोल यायला हवा. शिवाय निरीक्षकासमोर खालचा एक वर्ग शिकवून दाखवायचा. हे जमलं की, सुताराच्या हाताखाली पोरगा ठेवताना करतात तसा, पाच वर्षांच्या उमेदवारीचा करार. पहिल्या वर्षी 10 पौंड, मग दर वर्षी अडीच पौंडांची वाढ आणि पाचव्या वर्षी 20 पौंड. दिवसभर वर्ग सांभाळायचे आणि शाळेच्या वेळेबाहेर रोज दीड तास हेडमास्तरांकडून स्वतः शिकायचं. हेडमास्तरांनाही एका उमेदवारामागे वर्षाला 5 पौंड आणि दोघांमागे 9 पौंड. दर वर्षी निरीक्षक परीक्षा घेणार आणि त्यात उतरला तरच पुढचे पैसे.

पाच वर्षं पुरी झाली की राणीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. जिंकली तर ट्रेनिंग कॉलेजसाठी वर्षाला 20 ते 25 पौंड. मजुराच्या घरातल्या मुलाला आणि विशेषतः मुलीला पांढरपेशा नोकरीचा असा दरवाजा पूर्वी कुणी उघडला नव्हता. 1850 च्या दशकाच्या अखेरीस अशा उमेदवार-शिक्षकांची संख्या 15 हजारांच्या घरात गेली. व्हिक्टोरिया राणीनंतर हीच राजाची शिष्यवृत्ती झाली. 1904 च्या डिसेंबरात तिच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उतरलेल्यांमध्ये खाणकामगाराचा एक मुलगा होता, भावी कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स. तो पुढे क्रॉयडनला काही वर्षं शाळामास्तर होता.

तिजोरीला मात्र हा खर्च लवकरच डाचू लागला. 1862 मध्ये रॉबर्ट लो यांनी नवी नियमावली आणली. मुलं परीक्षेत किती उतरली त्यावर शाळेचं अनुदान ठरू लागलं आणि उमेदवारांना सरकारकडून थेट मिळणारे पैसे बंद झाले. त्यांची संख्या लगेच घसरली. पैसे मास्तरांच्या तुटवड्याबरोबर येतात आणि काटकसरीची लाट आली की आधी तेच आटतात, हे या कुळाचं लक्षण इथेच पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

भारतात ही पद्धत आली ती 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यातून. इंग्लंडात नुकती सुरू झालेली रीत इथेही लावावी, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं: होतकरू विद्यार्थ्यांना विद्यावेतन, त्यांना शिकवणाऱ्या मास्तरांना थोडा मोबदला, मग नॉर्मल स्कूल आणि प्रमाणपत्र. विद्यावेतन किती असावं, याचाही दंडक होता. शाळा सोडून मुलगा जेवढं कमावेल, त्याहून थोडं जास्त. मँचेस्टरच्या गिरणीशी झालेली स्पर्धा आता दख्खनच्या शेतमजुरीशी आणि कचेरीतल्या कारकुनीशी होणार होती.

मुंबई इलाख्यात जमीन तयार होती. एल्फिन्स्टन संस्थेतला 1845 चा नॉर्मल वर्ग बाळशास्त्री जांभेकरांनी सांभाळला होता. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य झाले कृष्णशास्त्री चिपळूणकर. गावोगावी ‘ट्रेंड मास्तर’ ही नवी जमात दिसू लागली.

पण हे पैसे कुणाच्या पोरांपर्यंत पोहोचत होते? 1882 मध्ये शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. प्राथमिक शाळांतले मास्तर जवळपास सगळे ब्राह्मण आहेत. ते शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत. म्हणून मास्तर शेतकरीवर्गातूनच निवडून प्रशिक्षित करावेत. पगार किमान 12 रुपये आणि मोठ्या गावात 15 ते 20 रुपये द्यावा. ज्यांच्यात शिक्षणाचा प्रसार नाही, अशा वर्गांना शिष्यवृत्त्या द्याव्यात. फुल्यांनी प्रश्न रकमेपुरता ठेवला नाही. निवड कुणाची, हा त्यांचा सवाल होता.

त्याला कृतीतून उत्तर मिळालं साताऱ्यात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 मध्ये तिथे ट्रेनिंग कॉलेज काढलं. पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं ते वर्ष, म्हणून नाव ‘सिल्व्हर ज्युबिली’. पुढे त्याला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. फीऐवजी कष्ट, हा त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांचा शिरस्ता. सरकारी विद्यावेतनाची वाट न पाहता बहुजनांची पोरं अंगमेहनतीच्या बळावर शिकली. डोंगरकपारीतल्या स्वयंसेवी (व्हॉलंटरी) शाळांना अशाच मास्तरांची गरज होती.

दरम्यान ब्रिटनमध्ये कराराचं कलम कडक झालं होतं. सरकारी अनुदानावर पदवी आणि प्रशिक्षण घेणाऱ्याला ठरावीक वर्षं शिकवण्याची लेखी शपथ घ्यावी लागे. पदवीचं शिक्षण परवडावं म्हणून कितीतरी मुलं मनात नसताना त्यावर सही करत. 1951 मध्ये ती शपथ रद्द झाली.

अमेरिकेने हेच कलम उलट्या बाजूने लिहिलं. रशियाच्या स्पुटनिक उपग्रहाचा धसका घेतल्यावर 1958 च्या कायद्याने विद्यार्थ्यांना कर्जं दिली. सरकारी शाळेत शिकवलं तर दर वर्षी दहा टक्के माफ, जास्तीत जास्त अर्धं कर्ज. 2007 मध्ये आलेलं ‘टीच’ अनुदान वर्षाला 4,000 डॉलरपर्यंत जातं. अट अशी की शिक्षणानंतर आठ वर्षांच्या आत चार वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत, टंचाईचा विषय शिकवायचा. अट मोडली की अनुदानाचं कर्ज होतं आणि व्याज लागतं पैसे हाती पडले त्या दिवसापासून. वर्गात इमानाने शिकवणाऱ्या हजारो शिक्षकांची अनुदानं केवळ वार्षिक फॉर्म उशिरा पोहोचला किंवा एखादी सही राहिली म्हणून कर्जात गेली. बोभाटा झाल्यावर 2018 च्या अखेरीस सरकारने दुरुस्तीची सोय केली.

आपल्याकडे 1966 च्या कोठारी आयोगाने शिफारस केली होती की प्रशिक्षण संस्थांतली फी पूर्ण रद्द करावी आणि विद्यावेतन व कर्जं सढळ हाताने द्यावीत. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. पुढे महाराष्ट्रात घडलं ते नेमकं उलट. विनाअनुदानित डी.एड. कॉलेजं निघाली, नोकरीच्या आशेने घरोघरी कर्ज काढून फी भरली गेली. 2000 मध्ये नव्या शिक्षकाला आधी मानधनावर ठेवणारी शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला तीन वर्षं महिना 3,000 रुपये मानधन होतं. 2023 मध्ये ते 16,000 झालं. बीएडच्या विद्यार्थ्याला आज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्ती मिळते ती जात किंवा उत्पन्नाच्या निकषावर. तो उद्याचा शिक्षक आहे म्हणून नव्हे. करारातला सरकारचा हिस्सा गळाला आणि उमेदवारीचा काळ तेवढा उरला.

याच काळात इंग्लंडने 2024-25 साठी भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र आणि संगणक या विषयांच्या प्रशिक्षणार्थींना 28,000 पौंडांचं करमुक्त अनुदान ठेवलं. इतिहासाच्या प्रशिक्षणार्थीला शून्य. टंचाई असेल तिथेच थैली उघडते, हा 1846 चा न्याय अजून तसाच चालू आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक बीएडसाठी गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या आणि ग्रामीण मुलांना पदवीनंतर आपल्याच भागात नोकरीत प्राधान्य देऊ केलं आहे. कल्पना चांगली आहे. ती अंमलात येईल तेव्हा ग्रामीण विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी एवढं जरूर पाहावं: शिष्यवृत्तीच्या कागदावर त्याने पाळायच्या अटींच्या शेजारी नोकरीचं हे वचनही सहीशिक्क्यासह लिहिलेलं आहे का.