महापुरानंतरचा लेप्टोस्पायरोसिस
लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा जीवाणूंमुळे होणारा रोग होय. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून हे जीवाणू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि त्वचेवरील जखमांतून माणसाच्या शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पूर ओसरल्यावर शहरात या रोगाची साथ पसरली.

संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास साधारणतः ५ ते १४ दिवस लागतात. तोवर पुराचा विसर पडलेला असतो आणि ताप, पोटऱ्यांतील वेदना, डोळ्यांची लाली यांचा त्याच्याशी संबंध जोडला जात नाही. पुराच्या पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास रोग बरा होतो. विलंब झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.