वर्दी आणि कुलगुरूपद

विद्यापीठं सुधारायची तर लष्करी माणूस बसवा, असं आमच्या औंधात कुणी म्हटलं की मी माधुरी कानिटकरांचं उदाहरण देतो. पुण्याच्या एएफएमसीत शिकल्या, मुलांच्या किडनीविकारांच्या तज्ज्ञ झाल्या, पुढे त्याच कॉलेजच्या अधिष्ठाता. २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल. तिन्ही दलांत या हुद्द्याला पोचलेल्या तिसऱ्या महिला. २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. म्हणजे नुसती वर्दी नाही, वॉर्डात आणि वर्गात घालवलेली वर्षं पाठीशी होती.

शिस्तीचं औंधला काय कौतुक? पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार घालायला लावले. पण त्याच राजानं १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हाती दिला. विद्यापीठालाही दोन्ही लागतं, शिस्त आणि मोकळीक. तेव्हा मंडळी, खांद्यावरचे तारे मोजताना माणसानं शिकवलंय किती, तेही बघा.